पल्सर विझला की झाकला गेला? घट्ट जोडीतल्या पल्सरांकडे क्ष-किरणांतून बघताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी पीएसआर जे१०२३+००३८ हा पल्सर घेतला आहे. (पल्सर म्हणजे वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा, मेलेल्या ताऱ्याचा अतिघन गाभा; फिरताना त्याचा झोत आपल्यावरून गेला की एक ठोका मिळतो.) २०१३ साली तो रेडिओ दुर्बिणींना दिसेनासा झाला आणि त्याच सुमारास क्ष-किरणांत एकदम उजळला. मग तो पल्सर बंद पडला असं म्हणायचं का? रेडिओत नीट दिसणाऱ्या पल्सरकडे क्ष-किरणांतून बघून वेगळं काय हाती लागतं? आणि संग्रहातला फुकट मिळणारा डेटा घेऊन, घरच्या लॅपटॉपवर, यात काही करता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो. पहिल्याचं उत्तर बहुधा नाही, आणि ‘बहुधा’ का म्हणतोय ते पुढे येईल. मधल्या प्रश्नाला मात्र जरा वेळ द्यावा लागेल, कारण बाकीची दोन उत्तरं त्यातूनच निघतात.

आधी ही जोडी केवढी आहे ते बघा. पल्सर १.६९ मिलिसेकंदात स्वतःभोवती एक फेरी मारतो, म्हणजे सेकंदाला ५९२ फेऱ्या. त्याचा जोडीदार सूर्याच्या साधारण पाव वस्तुमानाचा साधा तारा. दोघं ४ तास ४५ मिनिटांत एकमेकांभोवती फिरून येतात. केप्लरचा नियम लावून अंतर काढलंत तर साडेबारा लाख किलोमीटरच्या आसपास येतं. सूर्याचा व्यास चौदा लाख. म्हणजे सूर्याच्या व्यासाहूनही कमी अंतरावर एक तारा आणि एक न्यूट्रॉन तारा समोरासमोर उभे आहेत, आणि त्यातला एक दुसऱ्यावर दिवसरात्र कणांचा मारा करतोय.

अशा जोड्यांना आमच्यात ‘स्पायडर’ म्हणतात. १९८८ मध्ये अरेसिबोच्या दुर्बिणीने बी१९५७+२० हा पल्सर सापडला. फिरण्याचा काळ १.६ मिलिसेकंद, कक्षा सव्वानऊ तासांच्या आतली, आणि जोडीदार सूर्याच्या जेमतेम दोन टक्के वस्तुमानाचा. पल्सरने त्याला भाजून भाजून एवढासा करून टाकला, म्हणून नाव पडलं ब्लॅक विडो, आपल्या नरालाच खाणारी कोळीण. नंतर जरा जड जोडीदार असलेल्या जोड्या सापडायला लागल्या, त्यांना ऑस्ट्रेलियातल्या कोळ्यावरून रेडबॅक म्हणायला लागले. जे१०२३ हा रेडबॅक. (बी१९५७ अवकाशातून वेगाने जाताना त्याच्या पुढ्यात हायड्रोजनच्या प्रकाशात चमकणारी कमान दिसते. ती त्याच वर्षी दाखवून देणाऱ्या दोघांपैकी एक म्हणजे कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी. १९८२ चा पहिला मिलिसेकंद पल्सर शोधणाऱ्या गटातही ते होते.)

आता क्ष-किरणांत काय दिसतं? नवीन माणसाची अपेक्षा असते की पल्सर आहे म्हणजे ठोके दिसतील. इथेच गफलत होते. अशा जोडीतून येणाऱ्या क्ष-किरणांचा थोडासाच भाग खुद्द न्यूट्रॉन ताऱ्याचा असतो: ध्रुवांजवळचे तापलेले ठिपके, दहा-वीस लाख अंश तापमानाचे, मऊ म्हणजे कमी ऊर्जेचे क्ष-किरण देणारे. रेडबॅकमध्ये बहुतेक सगळा प्रकाश येतो तो दोघांच्या मधल्या जागेतून. पल्सरकडून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचा वारा जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने सुटलेला असतो. जोडीदाराकडून त्याचा स्वतःचा वारा येतो. दोन्ही जिथे आदळतात तिथे धक्क्याची भिंत उभी राहते आणि तिथले कण चुंबकीय क्षेत्रात गरगरत क्ष-किरण सोडतात.

कऱ्हाडचा प्रीतिसंगम पाहिला असेल तर हे चित्र चटकन डोळ्यांपुढे येईल. तिथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन आदळतात आणि दोन्हींचं पाणी काटकोनात वळून पूर्वेला निघतं. कोयनेला जास्त पाणी असेल तर भेटीची रेघ कृष्णेच्या बाजूला सरकते, कृष्णेला पूर असेल तर उलट. जोडताऱ्यात हेच तिन्ही मितींत होतं. ज्याचा जोर कमी, त्याच्याभोवती धक्क्याची भिंत छत्रीसारखी वळते. रेडिओ लहरी या सगळ्या पसाऱ्यात शोषल्या जातात, म्हणून रेडिओत ग्रहण लागतं आणि तेवढ्यापुरता डेटा कोरा राहतो. नेमकी तीच जागा क्ष-किरणांत उजळलेली असते. म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, क्ष-किरणांत आधी कक्षा वाचायची, ठोके मग.

कक्षा वाचायची म्हणजे काय, ते जे१०२३ च्याच उदाहरणाने सांगतो. हा पल्सर ‘साधा’ रेडिओ पल्सर होता त्या काळात चंद्रा या अवकाशातल्या क्ष-किरण वेधशाळेने त्याच्याकडे सलग पाच कक्षा होईपर्यंत टक लावून पाहिलं. प्रत्येक फेरीत, जोडीदार आपल्या आणि पल्सरच्या मध्ये आला की क्ष-किरण कमी व्हायचे. पल्सर आपल्या बाजूला आला की वाढायचे. पाचही फेऱ्यांत तेच. आता विचार करा: पल्सर हा बारा-तेरा किलोमीटर त्रिज्येचा गोळा. तो झाकला गेला असता तर क्ष-किरण खटकन बंद झाले असते आणि खटकन सुरू झाले असते. इथे उतार होता, आणि तळाशीही प्रकाश पूर्ण जात नव्हता. म्हणजे झाकली जाणारी वस्तू मोठी आहे, पसरलेली आहे आणि जोडीदाराच्या तोंडापाशी आहे. धक्क्याची जागा अशी भूमितीने हाती लागते. कुठल्याही दुर्बिणीला ती जोडी दोन ठिपके म्हणूनही वेगळी दाखवता येणार नाही, पण कक्षेवर मांडलेल्या आलेखातून भिंत कुठे आहे ते कळतं.

काही रेडबॅकमध्ये, उदाहरणार्थ जे२१२९−०४२९ मध्ये, कमाल चमक एका उंचवट्याऐवजी दोन उंचवट्यांची असते, मध्ये खळगा. उंटाच्या पाठीसारखी. याचं कारण फार सुंदर आहे. धक्क्यानंतरचा प्रवाह छत्रीच्या कापडावरून कडेकडे वाहत जातो, आणि तो इतका वेगवान असतो की त्याचा प्रकाश पुढच्या दिशेला झुकतो, मोटारीच्या दिव्यासारखा. छत्री फिरत असते. तिच्या कापडाची एक बाजू आपल्या दृष्टिरेषेतून जाते तेव्हा पहिला उंचवटा, पोकळ मधला भाग आपल्याकडे असताना खळगा, दुसरी बाजू आली की दुसरा उंचवटा. दोन उंचवट्यांमधलं अंतर मोजलंत की छत्री किती उघडी आहे ते कळतं, आणि उंचवटे कक्षेच्या कुठल्या भागात आहेत त्यावरून ती कुणाभोवती वळलेली आहे ते कळतं.

इथे एक कोडं आहे आणि मला ते या विषयातलं सगळ्यात रसाळ कोडं वाटतं. बहुतेक रेडबॅकमध्ये उंचवटे पल्सर पुढे असताना येतात. म्हणजे छत्री पल्सरभोवती वळलेली आहे. म्हणजे जोर जोडीदाराचा जास्त! पल्सरची फिरण्यातून बाहेर पडणारी शक्ती जे१०२३ मध्ये सूर्याच्या एकूण तेजस्वितेच्या दहापट किंवा किंचित वर, आणि पाव सूर्याएवढा तारा तिला मागे रेटतो? एक म्हणणं असं की भाजून निघाल्यामुळे जोडीदाराचा वारा नेहमीपेक्षा फार दाट असतो. दुसरं म्हणणं, जोडीदाराचं चुंबकीय क्षेत्रच ढालीचं काम करतं. पहिल्या म्हणण्यात एक अडचण आहे. वाऱ्याचं द्रव्य पल्सरच्या इतकं जवळ येऊन थांबलं तर पल्सरचं गुरुत्व त्याला थांबू कसं देईल? ते आत ओढलं जाईल, फिरत फिरत चकती बनेल. आणि काही जोड्यांत नेमकं तेच झालेलं आपण पाहिलंय.

आता २०१३ कडे येऊ. मागची हकिगत अशी. २००१ मध्ये या ताऱ्याच्या दृश्य प्रकाशाच्या वर्णपटात चकतीच्या खुणा होत्या, तेव्हा ती पांढऱ्या खुजाची (सूर्यासारख्या ताऱ्याच्या उरलेल्या गाभ्याची) जोडी असावी असं वाटलं होतं. त्यानंतर चकती गेली. २००७ च्या ग्रीन बँक रेडिओ दुर्बिणीच्या सर्वेक्षणातून तिथे मिलिसेकंद पल्सर सापडला आणि २००९ मध्ये तो जाहीर झाला. जुने पल्सर जोडीदाराचं द्रव्य खाऊन पुन्हा वेगवान होतात, ही कल्पना १९८२ पासूनची आहे. बंगळूरच्या राधाकृष्णन आणि श्रीनिवासन यांचा त्यात मोठा वाटा. १९९८ मध्ये सॅक्स जे१८०८.४−३६५८ या क्ष-किरण ताऱ्यात सेकंदाला ४०१ ठोके मिळाले तेव्हा द्रव्य खाता खाता वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा प्रत्यक्ष दिसला. पण एकच तारा दोन्ही रूपांत दाखवणारा पहिला ठोस इशारा जे१०२३ चा.

जून २०१३ च्या अखेरीस त्याचे रेडिओ ठोके थांबले. दृश्य प्रकाशात चकतीच्या रेषा परत आल्या, गॅमा किरण पाचपटीने वाढले, क्ष-किरण त्याहून कितीतरी जास्त. आणि हे क्ष-किरण फार विचित्र वागतात. सगळा आलेख तीन पायऱ्यांवर चालतो. सत्तर-ऐंशी टक्के वेळ वरची पायरी, साधारण सूर्याच्या एकूण तेजस्वितेइतकी. मग अचानक, दहाएक सेकंदांत, खालची पायरी, वरच्या पायरीच्या सहाव्या-सातव्या भागावर. तिथे कधी काही सेकंद, कधी कित्येक मिनिटं, आणि पुन्हा दहा सेकंदांत वर. मधूनच एखादा भडका. कुणीतरी बटण खाली-वर करत असल्यासारखं. पहिल्यांदा तो आलेख पडद्यावर आला तेव्हा मला डेटात तुटक भाग आहेत असंच वाटलं होतं; वेळेच्या फटींची यादी पुन्हा पुन्हा तपासली.

वरच्या पायरीवर असताना क्ष-किरणांत १.६९ मिलिसेकंदांचे ठोके मिळतात. खालच्या पायरीवर ते नाहीत. सुरुवातीचा सरळ अर्थ असा लावला गेला की वरच्या पायरीवर चकतीचं द्रव्य ताऱ्याच्या ध्रुवांवर पडतंय. पण हिशोब करून बघा. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या ताऱ्याच्या पृष्ठावर द्रव्य पोचायचं तर त्याला केंद्रापासून सुमारे २४ किलोमीटरच्या आत शिरावं लागतं. त्याच्या बाहेर ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र त्याला गोफणीसारखं भिरकावतं. तेवढं आत घुसायला जेवढा दाब हवा, तेवढं द्रव्य पडत असेल तर क्ष-किरण यापेक्षा पुष्कळ जास्त हवेत. सॅक्स जे१८०८ उद्रेकात असतो तेव्हा सूर्याच्या हजारपटीच्या घरात जातो. जे१०२३ सूर्याएवढ्यावरच थबकलेला.

दुसरा पुरावा मला जास्त पटतो. क्ष-किरणांतले ठोके वर्षानुवर्षं मोजून पल्सरचा वेग कसा मंदावतोय ते काढलं गेलं. रेडिओ पल्सर असताना तो ज्या दराने मंदावत होता, चकती आल्यावर त्यापेक्षा २७ टक्के जास्त दराने मंदावू लागला. एवढाच फरक. पल्सरचं यंत्र बंद पडलं असतं आणि त्याची जागा चकतीच्या ओढाताणीने घेतली असती, तर जुन्या दराच्या इतक्या जवळ येण्याचं काहीच कारण नव्हतं. जुना ब्रेक चालूच आहे, वर थोडा नवा लागलाय, असा त्याचा सरळ अर्थ. २०१७ मध्ये दृश्य प्रकाशातही १.६९ मिलिसेकंदांचे ठोके मिळाले. इतक्या वेगवान पल्सरचे असे ठोके आधी कधी पाहिले नव्हते, आणि ते द्रव्य पडून तयार होण्याच्या मानाने फारच प्रखर आहेत. अलीकडे आयएक्सपीई या उपग्रहाने वरच्या पायरीवरच्या क्ष-किरणांत सुमारे १२ टक्के ध्रुवीकरण मोजलं, आणि त्याची दिशा दृश्य प्रकाशाच्या ध्रुवीकरणाशी जुळली. दोन्ही प्रकाश एकाच जागचे असावेत, असं त्यातून दिसतं.

म्हणून आज अनेक जण मानतात ते चित्र असं: पल्सर चालू आहे. ताऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर एक हद्द असते, जिथे त्याच्यासोबत फिरायचं तर प्रकाशाच्या वेगाने जावं लागेल. त्या हद्दीच्या जरासं बाहेर त्याचा वारा चकतीच्या आतल्या काठावर आदळतो आणि तिथेच ठोक्यांसकट क्ष-किरण निघतात. रेडबॅक अवस्थेत लाखो किलोमीटरवर असलेली धक्क्याची भिंत आता शे-दीडशे किलोमीटरवर आली, एवढाच फरक. खालच्या पायरीवर जाताना तो काठ मागे ढकलला जातो आणि थोडं द्रव्य बाहेर उडतं. रेडिओ ठोके भोवतालच्या वायूत गडप होतात. विझला नाही, झाकला गेला. मात्र याला विरोध करणारी मॉडेलं अजून आहेत, आणि चकती असताना रेडिओ ठोके कुणालाच मिळालेले नाहीत. म्हणून सुरुवातीचं ते ‘बहुधा’.

जाता जाता एम२८ या तारकागुच्छातल्या पल्सरचा उल्लेख करायला हवा. त्याने २०१३ च्याच वसंतात खरा उद्रेक केला, ३.९ मिलिसेकंदांचे क्ष-किरण ठोके दिले, आणि काही आठवड्यांत पुन्हा रेडिओ पल्सर म्हणून हजर. तिथे द्रव्य खरोखर ताऱ्यावर पडलं होतं. म्हणजे दोन्ही गोष्टी शक्य आहेत. जे१०२३ मध्ये त्यातली कुठली, एवढाच वाद.

आता तुमच्या लॅपटॉपकडे. ठोके शोधण्यापासून सुरुवात करू नका. का ते आकड्यांनी सांगतो. पल्सर अवस्थेत जे१०२३ ची क्ष-किरणांतली तेजस्विता सूर्याच्या एकूण तेजस्वितेच्या चाळिसाव्या भागाएवढी, अंतर १.३७ किलोपार्सेक, म्हणजे सुमारे साडेचार हजार प्रकाशवर्षं. एक्सएमएम-न्यूटनसारख्या मोठ्या दुर्बिणीतही ढोबळ हिशोबाने दहा सेकंदांना एक फोटॉन येतो. एका फोटॉनपासून दुसऱ्यापर्यंत पल्सर ५,९०० हून जास्त वेळा फिरलेला असतो. त्या सगळ्या फेऱ्यांचा हिशोब तुम्हाला चुकू न देता ठेवायचा आहे. कक्षेत फिरताना पल्सर आपल्यापासून ०.३४३ प्रकाश-सेकंद पुढे-मागे होतो; तेवढ्या वेळात त्याच्या २०३ फेऱ्या होतात. आरोही पाताची वेळ (कक्षेत पल्सर आपल्यापासून सगळ्यात वेगाने दूर जात असतो तो क्षण) १ सेकंदाने चुकली तर ठोक्याची जागा ०.१२६ मिलिसेकंदाने सरकू शकते, १० सेकंदांनी चुकली तर पाऊण फेरीने. आणि रेडबॅकची कक्षा काही घड्याळासारखी चालत नाही. जोडीदाराच्या आतल्या घडामोडींमुळे ती वेळ वर्षा-दोन वर्षांत कित्येक सेकंदांनी इकडेतिकडे होते. पाच वर्षांपूर्वीच्या पंचांगावर आजचा मुहूर्त काढल्यासारखं होईल. निरीक्षणाच्या काळातलं रेडिओ किंवा गॅमा किरणांचं ताजं गणित मिळालं तरच ठोक्यांच्या मागे लागा.

शिवाय उपकरण कुठल्या पद्धतीने चालवलं होतं ते आधी बघा. एक्सएमएमच्या पीएन कॅमेऱ्याची नेहमीची चौकट, म्हणजे एक चित्र टिपायचा वेळ, ७३ मिलिसेकंदांची असते. एका चौकटीत हा पल्सर ४३ वेळा फिरून जातो. चंद्रा वेधशाळेच्या कॅमेऱ्याची नेहमीची चौकट ३.२ सेकंदांची. अशा डेटातून ठोके काढायचा प्रयत्न म्हणजे चाळणीने पाणी भरणं. पीएनची टायमिंग पद्धत ०.०३ मिलिसेकंदापर्यंत जाते, अवकाश स्थानकावरची नायसर दुर्बीण तर त्याहून कितीतरी बारीक. ‘ठोके आढळले नाहीत’ असं लिहिलेला एक प्रबंध मी तपासला होता. सगळा डेटा त्या नेहमीच्या, पूर्ण चौकटीच्या पद्धतीचा होता. मुलाची चूक नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

कक्षेचा आलेख काढायला मात्र हा साधा डेटा उत्तम. एका कक्षेत १७,१०० सेकंद, म्हणजे पंधरा-सतराशे फोटॉन. दहा खणांत वाटले तर खणाला दीडशेच्या वर, चूक आठ टक्क्यांच्या आसपास. निम्म्याने चमक कमी-जास्त होत असेल तर डोळ्यांनी दिसेल. पण इथेही तीन खड्डे आहेत, आणि तिन्हींत मी कधी ना कधी पडलोय.

पहिला खड्डा उपग्रहाच्या फेरीचा. पृथ्वीलगत फिरणारे उपग्रह साधारण ९५ मिनिटांत एक फेरी मारतात आणि त्यातला बराच वेळ पृथ्वी मध्ये येते. जे१०२३ ची कक्षा २८५ मिनिटांची. भागून बघा: तीन! म्हणजे प्रत्येक फेरीत फटी जवळजवळ त्याच त्या जागी पडणार, आणि तुम्ही दिवसभर निरीक्षण करूनही कक्षेचे काही तुकडे कोरे किंवा विरळ राहणार. तिथे कृत्रिम उतार-चढाव दिसले तर नवल नाही. चंद्रा आणि एक्सएमएम लांबट कक्षेत असतात, सलग कित्येक तास बघू शकतात, म्हणून या कामाला ते बरे. कुठलाही आलेख बघण्याआधी प्रत्येक खणात दुर्बीण प्रत्यक्ष किती सेकंद उघडी होती त्याचा आलेख शेजारी काढा.

दुसरा खड्डा प्रोटॉनच्या भडक्यांचा. पृथ्वीच्या चुंबकावरणातले कमी ऊर्जेचे प्रोटॉन एक्सएमएमच्या आरशांतून आत घुसतात आणि सगळ्या कॅमेऱ्यावर पाऊस पाडतात. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका रेडबॅकच्या आलेखात मला कक्षेच्या एका ठराविक भागात मोठा उंचवटा मिळाला. दोन दिवस मी त्यावर मॉडेल बसवत होतो, छत्रीचा कोनही काढून झाला होता. मग शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने चहा पिता पिता विचारलं, “अहो, हाच उंचवटा कॅमेऱ्याच्या रिकाम्या कोपऱ्यात पण आहे का?” होता. निरीक्षण एकाच कक्षेचं होतं, त्यामुळे भडका नेमका एका फेजला, म्हणजे कक्षेतल्या एका ठिकाणी, येऊन बसला होता. तेव्हापासून माझा दंडक आहे: एका फेरीत दिसलेली गोष्ट ही गोष्टच नाही. निदान दोन फेऱ्यांत तीच दिसली पाहिजे.

तिसरा खड्डा नुसता भाषेचा आहे, पण सगळ्यात महागात पडतो. रेडिओवाले फेज आरोही पातापासून मोजतात, म्हणजे जोडीदार पुढे येतो तेव्हा त्यांच्या हिशोबाने ०.२५. दृश्य प्रकाशातली मंडळी बरेचदा जोडीदार पुढे असतानाच शून्य धरतात. दोन लेखांतले आलेख एकमेकांवर ठेवताना पाव फेरीचा हा फरक विसरलात तर पल्सरभोवतीची छत्री एखाद्या बाजूला वाकडी होऊन बसेल आणि तुम्ही तिची कारणं शोधत राहाल. आलेखावर आकड्यांच्या खाली ‘पल्सर पुढे’, ‘जोडीदार पुढे’ असं स्पष्ट लिहून टाका.

खळगा मिळाला की पुढची पायरी: तो रंगाने तपासा. फोटॉनचे दोन गठ्ठे करा, दोन किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खालचे आणि वरचे, आणि दोघांचे आलेख वेगवेगळे काढा. खालचे जास्त गळाले आणि वरचे तसेच राहिले तर मध्ये वायू आलाय. दोन्ही सारखेच कमी झाले तर काहीतरी घन वस्तू आड आली, किंवा प्रकाशाचा झोतच वळला. वर्णपट बसवायची घाई त्यानंतर करा. धक्क्याचा वर्णपट सहसा सरळ पॉवर लॉ असतो, म्हणजे ऊर्जा वाढेल तशी फोटॉनची संख्या एका ठरावीक घातांकाने घटते, आणि रेडबॅकमध्ये तो घातांक १ ते दीडच्या मध्ये, म्हणजे बराच कठीण, जास्त ऊर्जेकडे झुकलेला. तुमचा २.५ आला तर मऊ भाग कुठून आला ते शोधा. बहुतेक वेळा पार्श्वभूमी नीट वजा झालेली नसते, नाहीतर ध्रुवांवरच्या ठिपक्यांची भर धरायची राहिलेली असते.

प्रकल्पासाठी जे१०२३ च धरून बसायची गरज नाही, असं मला सुचवायचंय. त्याच्यावर एवढं काम झालंय की नवीन माणसाला वाचूनच धाप लागेल. एक्सएसएस जे१२२७०−४८५९ बघा. याने उलटा प्रवास केला. वर्षानुवर्षं चकतीवाला क्ष-किरण तारा म्हणून, तशाच पायऱ्यांच्या आलेखासह, माहीत होता. २०१२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चकती गेली. मग तिथे पल्सर आहे का, हे शोधून काढलं ते आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने, जयंत रॉय आणि सहकाऱ्यांनी, ६०७ मेगाहर्ट्झवर. फिरण्याचा काळ १.६९ मिलिसेकंद, जे१०२३ च्या इतका जवळ की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला टंकलेखनाची चूक वाटावी. कक्षा ६.९ तासांची, आणि त्या वारंवारतेला सुमारे ४० टक्के कक्षा ग्रहणात. रेडिओला इतकी मोठी कक्षा बंद असते तिथे क्ष-किरणांची खरी गरज लागते.

शिवाय ६.९ तास म्हणजे ४१४ मिनिटं. ९५ ने भागून बघा, पूर्णांक येत नाही. फटी दर फेरीला वेगळ्या जागी पडतात. एक्सएमएमच्या संग्रहात या ताऱ्याची चकती असतानाची आणि चकती गेल्यानंतरची, दोन्ही निरीक्षणं आहेत. दोन्ही उतरवून घ्या. आधीच्यात पायऱ्या शोधा: दहा-दहा सेकंदांचे खण करून प्रत्येक खणातल्या फोटॉनच्या संख्येचा आयतालेख काढा, दोन टेकड्या वेगळ्या दिसतील. नंतरच्यात कक्षेचा उंचवटा शोधा, आणि तो पल्सर पुढे असताना येतो का ते स्वतः मोजा.

ॲस्ट्रोसॅट या भारताच्या खगोल उपग्रहाबद्दलही मला हमखास विचारतात, म्हणून तेही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनलेलं लॅक्सपीसी हे त्याच्यावरचं क्ष-किरण उपकरण वेळ दहा मायक्रोसेकंदांपर्यंत मोजतं, पण ते चित्र काढत नाही. सुमारे एक अंशाच्या खिडकीतून येईल ते सगळं गोळा करतं. सॅक्स जे१८०८ चा २०१९ चा उद्रेक त्याने टिपला, कारण उद्रेकात तारा पार्श्वभूमीच्या वर उठून दिसतो. दहा सेकंदांना एक फोटॉन देणारा शांत रेडबॅक त्यात बुडून जाईल. त्या कामासाठी ते बनवलेलंच नाही. तुमच्या जोड्यांपैकी एखादीने पुन्हा चकती गोळा करून खरा उद्रेक केला, तर मात्र सगळ्यात आधी त्याच डेटाकडे धावा.